सरांनी पुसलेला वारा

माझा विषय काय, असं कोणी विचारलं की मी आधी समोरच्याचं तोंड पाहते. बहुतेकांना उत्तर नकोच असतं; "अरे वा" म्हणायला एक जागा पाहिजे असते. तरी मी सांगते, कारण माझ्यात तेवढा खवचटपणा आहे. म्हणते, क्ष-किरण सोडणाऱ्या जोडताऱ्यांमध्ये साथीदार ताऱ्याच्या वाऱ्याचं काय होतं, ते मी पाहते. समोरचा थोडा वेळ मान हलवतो, मग आवाज खाली करून विचारतो की पोराची साडेसाती कधी सुटते ते यात दिसते का. हे विचारणाऱ्यांत आमच्या कॉलेजचे दोन प्राध्यापक आहेत, आणि त्यातला एक भौतिकशास्त्राचा आहे.

मी घाटंजीच्या बाजूच्या एका बंजारा तांड्यावरची. आमच्या आधीच्या पिढ्या बैलांवर मीठ-धान्य लादून मुलुखभर फिरल्या. आम्ही आता कापूस, तूर, सोयाबीन पेरतो आणि एका जागी बसून कंटाळतो. घरात मी आणि याडी. याडी म्हणजे माझी आई. मी कॉलेजात शिकवायला लागल्यापासून ती माझ्याशी अर्धं गोरबोलीत आणि अर्धं वऱ्हाडीत बोलते. शिकवणाऱ्या बाईशी नुसती घरची बोली बरी दिसत नाही, असं तिला वाटतं. शिकवते म्हणजे तासिका तत्त्वावर. ज्याला काम सगळ्यांत जास्त आणि स्टाफरूममध्ये खुर्ची नाही, तो तासिका तत्त्वावरचा. कायम व्हायचं तर पीएचडी पाहिजे, आणि पीएचडी पाहिजे तर गाईड पाहिजे. माझी साडेसाती इथून सुरू झाली.

आकाशातल्या विषयाचा गाईड आमच्या भागात मिळणं शक्यच नव्हतं. मिळाले ते सर फेराइटवाले. फेराइट म्हणजे चुंबकाच्या जातीची एक भुकटी. ती भट्टीत भाजायची, तिच्यावर क्ष-किरण टाकायचे, कागदावर उंच उंच शिखरं आली की पेपर छापायचा. मग भुकटीत चिमूटभर जस्त वाढवायचं, पुन्हा भाजायची, पुन्हा पेपर. अशा भुकट्यांवर सरांनी सगळी हयात काढली आणि विभागप्रमुख झाले. माझ्या विषयाच्या नावात क्ष-किरण आहे, एवढं पाहून त्यांनी मला घेतलं. हे तर आपलंच डिपार्टमेंट, असं ते म्हणाले. माझ्या विषयावर त्यांनी केलेला हा पहिला आणि शेवटचा विचार.

समजून घ्यायचंच असेल तर विषय अवघड नाही. एक मोठा, निळसर, भयंकर तापलेला तारा असतो. तो इतका उजळ असतो की त्याचा उजेडच त्याच्या अंगावरचा वायू ढकलून बाहेर फेकतो. हा त्याचा वारा. सेकंदाला हजार किलोमीटरच्या घरात वाहणारा. त्या ताऱ्याच्या अगदी जवळून एक न्यूट्रॉन तारा फिरत असतो. हा मेलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा. वजन सूर्यापेक्षा जास्त, आणि आकार एवढासा की घाटंजीत एक टोक ठेवलं तर दुसरं केळापूरच्या अलीकडेच संपेल. तो त्या वाऱ्यातून फिरत राहतो आणि त्यातला थोडा स्वतःकडे ओढून घेतो. ओढलेला वायू कोसळताना इतका तापतो की त्यातून क्ष-किरण निघतात, आणि ते आपल्याला उपग्रहांवरून दिसतात.

इथपर्यंत कोणत्याही पुस्तकात मिळेल. मला वेड लावलं ते याच्या पुढच्याने. उजेड वाऱ्याला ढकलतो तो वाऱ्यातल्या कार्बन, लोखंड असल्या थोड्या अणूंना धरून. ते उजेड झेलतात आणि बाकीच्यांना सोबत ओढत नेतात. न्यूट्रॉन ताऱ्याचे क्ष-किरण नेमके याच अणूंचे इलेक्ट्रॉन काढून घेतात. इलेक्ट्रॉन गेले की अणूला उजेड झेलता येत नाही, आणि वारा तिथल्या तिथे मंदावतो. मंद वारा पकडायला सोपा, म्हणून न्यूट्रॉन तारा पहिल्यापेक्षा जास्त खातो. जो खायचा राहतो, त्याच्यावर मागून येणारा ताजा वारा आदळतो, वायू दाटतो, आणि न्यूट्रॉन ताऱ्याच्या मागे एक लांब शेपटी तयार होते. ज्याच्यावर जगायचं त्याचाच दम काढायचा आणि वरून आणखी खायचं, असा तो कारभार आहे. मी माझ्या गाईडना न्यूट्रॉन तारा म्हणते, असं कॉलेजात कोणी तरी उठवलं होतं. ते साफ खोटं आहे. न्यूट्रॉन ताऱ्याला वजन असतं.

उपग्रहांची जुनी निरीक्षणं जगातल्या कोणालाही उघडून पाहता येतात. तांड्यावर नेटची रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते, म्हणून रविवारी दुपारी मी लॅपटॉप घेऊन टाकीच्या सावलीत बसायची. पाणी भरायला आलेल्या बाया वाकून पाहायच्या आणि हा कोणाचा कार्डिओग्राम आहे विचारायच्या. त्यांचा मला कधी राग आला नाही. त्यांनी निदान आलेखाकडे पाहिलं होतं.

न्यूट्रॉन तारा एक प्रदक्षिणा घालतो तेवढ्यात त्याचा उजेड कसा कमी-जास्त होतो, ते मी मांडत होते. पुष्कळ प्रदक्षिणा एकीवर एक ठेवल्या. तारा आपल्या समोरून पुढे गेला की नंतरच्या टप्प्यात उजेड उतरायचा, आणि दर खेपेला उतरायचा. आता उजेड उतरला म्हणजे तारा मंदावला, का मध्ये काही आलं? हे ओळखायची एक खूण आहे. लग्नात डीजे लागतो. दार लावून घेतलं की गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत, पण धमधम येतच राहते. डीजेच बंद पडला तर दोन्ही जातं. क्ष-किरणांचंही असंच आहे. दाट वायू मध्ये आला तर मऊ, म्हणजे कमी ऊर्जेचे, किरण अडतात आणि कडक, म्हणजे जास्त ऊर्जेचे, पार होतात. माझ्या आलेखात मऊ किरण पार खाली गेले होते आणि कडक जवळजवळ जागेवर होते. म्हणजे तारा मंदावला नव्हता, दार लागलं होतं. ती वाऱ्याची शेपटी होती. अशा शेपट्या असतात हे जाणकारांना माहीत होतं. पण या जोडीत ती कुठे सुरू होते आणि पुढच्या प्रदक्षिणेला कशी सरकते, हे कोणी मांडलेलं मला सापडलं नव्हतं. टाकीच्या सावलीत मला रडू आलं. माझं स्वतःचं म्हणावं असं आयुष्यात जे काही आहे, त्यात ही शेपटी पहिली.

सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, आलेखाच्या उतारावर बोट ठेवलं आणि इथं कचरा आला आहे, साफ कर, असं सांगितलं. हा त्यांचा धंदा बोलत होता. भुकटीच्या आलेखात शिखर म्हणजे माल, आणि शिखरांच्या मधलं खालीवर म्हणजे यंत्राची धूळ. ती संगणकावर एक बटण दाबून गुळगुळीत करायची, खालची पातळी वजा करायची, ही त्यांच्या प्रयोगशाळेतली रोजची झाडलोट. त्यांच्या भुकटीला ते चालतही होतं. पण हयातभर वर पाहिलेल्या माणसाला, खड्ड्यातही काही असतं हे कोण सांगणार? मी सांगितलं. मऊ आणि कडक किरण समजावले, डीजेसुद्धा समजावला. ते पानाची डबी उघडत म्हणाले, "बेटा, आलेख असा पाहिजे का परीक्षकाची नजर कुठंच अडली नाही पाहिजे."

मी काही साफ केलं नाही. प्रबंधात शेपटीसकट आलेख घातला. सह्या करायच्या आधी सरांनी फाईल मागून घेतली. समास तपासतो म्हणाले. समास तपासण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही, म्हणून मी दिली. आठवड्याने यवतमाळला बाइंडिंगच्या दुकानात माझी प्रत उघडून पाहिली, तोवर सरांनी परस्पर छापून घेतलेल्या विद्यापीठाच्या प्रती विद्यापीठात पोचल्या होत्या. माझा आलेख सारवलेल्या अंगणासारखा झाला होता. उतार नाही, शेपटी नाही, वारा नाही. आणि त्याच्याच खाली माझी वाक्यं जशीच्या तशी: वाऱ्याची दाट शेपटी इथे स्पष्ट दिसते. कुठे दिसते? वाचणाऱ्याला मी ठार वेडी वाटले असते. सरांना ती वाक्यं बदलायचंही सुचलं नव्हतं, कारण त्यासाठी ती वाचावी लागली असती.

मला इतका संताप आला की दुकानदाराने न मागता पाणी आणून दिलं. सरांना फोन लावला. ते निवांत होते. परीक्षक आलेख पाहतात, मजकूर कोणी वाचत नाही, असं त्यांनी मला समजावलं, आणि वाईट याचंच वाटतं की त्यांचं खरं निघालं. काही महिन्यांनी परीक्षकांचे अहवाल आले. त्यांना प्रबंधात काहीही खटकलं नव्हतं. एकाने तर आलेख नेटके आहेत असं मुद्दाम लिहिलं होतं. विद्वान माणसाचा शेरा असावा तर असा.

आता राहिली खुली तोंडी परीक्षा. बाहेरून एक परीक्षक येतात, विद्यार्थी सगळ्यांसमोर आपलं काम मांडतो, प्रश्नोत्तरं होतात, परीक्षक अहवालावर सही करतात आणि माणूस डॉक्टर होतो. हे नियमातलं झालं. आमच्याकडे खरी परीक्षा जेवणाची असते. परीक्षकांना काय चालतं आणि काय बाधतं ते गाईड आधी कळवतात, विद्यार्थी त्याप्रमाणे बेत करतो, आणि चूल पेटते ती निकालाच्या आधी. नापास होणाऱ्याच्या घरी कोणी जेवायला जात नाही. त्यामुळे जेवण ठरलं म्हणजे पदवी ठरली, असं सगळे धरून चालतात. आमचे परीक्षक शनिवारी मटण खात नसत. म्हणून सरांनी रोडगे सांगितले. म्हणजे कणकेचे मोठे गोळे, गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले, फोडून वर तूप, सोबत वांग्याची झणझणीत भाजी. तेही हॉटेलात नको, तुमच्या शेतातच ठेव, सायबांना वातावरण भेटलं पाहिजे, असं ते म्हणाले. माझ्या सगळ्या संशोधनात सरांनी वातावरण हा शब्द एवढाच वापरला.

याडीला यात काहीच वावगं वाटलं नाही. तिने आधीच सगळ्या तांड्याला सांगून टाकलं होतं की शनिवारी बेटी डाक्टर होऊन राह्यली. कोणी तरी फाट्यावर फ्लेक्ससुद्धा लावून मोकळं झालं. माझ्या नावाआधी ठळक 'डॉ.' होतं, आणि ज्यांनी मला जन्मात पाहिलं नाही अशा पुढाऱ्यांचे फोटो माझ्याहून मोठे होते. वेचणीचे दिवस होते, तरी शेजारच्या बायांनी कापूस तसाच झाडावर ठेवून गोवऱ्या वाहिल्या आणि मसाला वाटला.

मला पदवी पाहिजे होती, कायले खोटं बोलू? कायम जागेची जाहिरात निघाली होती आणि पदवीशिवाय तिथे अर्जही करता येत नव्हता. पण मला माझा वाराही पाहिजे होता. सारवलेल्या आलेखावर डॉक्टर झाले असते, तर ती शेपटी माझ्याच नावाने कायमची नाहीशी झाली असती. पुढे कोणी तो प्रबंध उघडला असता तर हिने पाहिलं आणि हिला काही दिसलं नाही, असंच म्हटलं असतं. मी पडद्यावर दाखवायच्या स्लाइडमध्ये माझा खरा आलेख घातला आणि कोणाला काही बोलले नाही.

शनिवारी कॉलेजच्या सभागृहात आधी सत्कार झाले. शाल, श्रीफळ, कुंडीतलं रोप. मग प्रास्ताविक झालं, त्यात सरांच्या कार्याचा गौरव झाला, मग सरांनी संस्थेच्या कार्याचा गौरव केला. तासभर सगळे एकमेकांना ओवाळत होते. मागच्या रांगांत याडी आणि तांड्यावरच्या बाया घागरे-ओढण्या सावरून बसल्या होत्या, आणि साऱ्या सभागृहात शांतपणे ऐकणारं पब्लिक तेवढंच होतं. परीक्षक दुसऱ्या विद्यापीठातले, पण तेही भुकटीवालेच. भुकटीवाले भुकटीवाल्यांनाच बोलावतात.

मी बोलायला लागले. परीक्षक मोबाईल पाहत होते. मऊ आणि कडक किरणांचा आलेख पडद्यावर आला, आणि त्यांची नजर खरंच अडली. त्या माणसाकडून मला तेवढीही अपेक्षा नव्हती. त्यांनी मोबाईल उलटा ठेवला, समोरच्या प्रबंधातलं पान काढलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा पानाकडे पाहिलं.

"मॅडम, इथला आलेख वेगळा आहे आणि तुम्ही दाखवताय तो वेगळा आहे. खरा कोणता?"

सर पहिल्या रांगेतून उठले आणि सॉफ्टवेअरच्या आवृत्तीतल्या फरकाबद्दल काही तरी सांगायला लागले. कोणत्या सॉफ्टवेअरच्या, ते त्यांनाही ठाऊक नसावं. मी त्यांचं वाक्य संपू दिलं.

"पडद्यावरचा खरा आहे," मी म्हणाले. "पुस्तकातला सरांनी गुळगुळीत केला. त्यात वारा पुसला गेला."

प्राचार्य छताकडे पाहायला लागले. प्राध्यापक मंडळींनी माना खाली घातल्या. अपमान माझा झाला का सरांचा, हे ठरेपर्यंत मान वर काढायची नाही, एवढं ते शिकलेले आहेत. याडीला आलेखांचं ते बोलणं कळलं नव्हतं, पण सरांचं तोंड तिला दिसत होतं. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. आपण यावर जेवल्यावर बोलू, असं ते म्हणाले, आणि सगळं सभागृह आनंदाने उठलं.

शेतात चिंचेखाली सतरंज्या टाकल्या होत्या. याडीने स्वतः वाढलं. परीक्षक छान जेवले, सर त्यांच्यापेक्षा छान जेवले. दुसरा रोडगा फोडता फोडता परीक्षकांनी मला बोलावून घेतलं आणि ती शेपटी काय भानगड आहे ते साध्या भाषेत सांगा म्हणाले. मी उभ्यानेच सांगितलं. वारा कसा मंदावतो, कसा दाटतो, दार लागल्यावर काय ऐकू येतं आणि काय येत नाही. त्यांना समजलं. मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं, त्यांना पूर्ण समजलं. ज्याला समजत नाही त्याचा मला एवढा राग येत नाही. समजल्यावर जो माणूस मान डोलावून पुन्हा रोडगा कुस्करायला लागतो, त्याची मात्र मला किळस येते.

सरांनाही समजलं, निदान वारा कुठल्या दिशेचा आहे एवढं. या शेपटीचा मला पहिल्यापासूनच संशय होता, असं ते परीक्षकांना म्हणाले. मग पुसली कायले, असं मी विचारलं. त्यांनी याडीकडे भाजी मागितली.

हात धुऊन झाल्यावर परीक्षकांनी बॅगेतून अहवाल काढला. आवाज गोड होता. "मॅडम, तुमचं म्हणणं बरोबर असेल. पण पुस्तकावर सह्या आहेत, शिक्के आहेत. पडद्यावरच्या आलेखावर कोणाची सही आहे? तुम्ही एक ओळ लिहून द्या, की स्लाइडमध्ये नजरचुकीने दुसरा आलेख आला. मी आत्ता सही करतो. पुढे पेपरमध्ये काय छापायचं ते छापा."

"बेटा, एकच ओळ," सर म्हणाले. "तुझ्या मायनं किती राबून केलं पाहा."

माझ्या आईच्या हातचं तूप अजून त्यांच्या मिशीला होतं आणि ते तिलाच मध्ये घालत होते. याडी तुपाची वाटी घेऊन जवळच उभी होती. तिने विचारलं, काय लिहून मागून राह्यले. मी सांगितलं की जे मले दिसलं ते दिसलंच नाही, असं मागतात. तिला पदवी माझ्याहून जास्त पाहिजे होती. साऱ्या तांड्याला तिने शब्द दिला होता. तिने एकदा बायांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि वाटी खाली ठेवली. मला तिची फार दया आली, आणि त्या दोघांचा तिटकारा आला.

"मी लिहिणार नाही," मी म्हणाले. "वारा आहे तिथं. मी पाहिला."

परीक्षकांचा आवाज लगेच कोरडा झाला. मग माझाही नाइलाज आहे, म्हणाले. त्यांनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि लिहिलं: प्रबंध सुधारून पुन्हा सादर करावा. ही शिक्षा होती. पुन्हा छपाई, पुन्हा सह्या, पुन्हा परीक्षक, आणि तोवर कायम जागेची मुदत निघून जाणार. ती जागा माझ्या हातची गेली, हे मला तिथेच कळलं. पण 'सुधारून' हा शब्दही तिथेच होता. आता आलेख बदलणं मला भाग होतं, आणि सरांना त्याच्यावर सही करणं भाग होतं, कारण परत आलेला प्रबंध गाईडच्याही नावाला लागतो. त्या माणसाने रागाच्या भरात मला माझा वारा परत दिला होता आणि त्याला ते कळलंही नव्हतं. मला आनंद झाला. पोटातून, निर्लज्ज आनंद झाला.

सरांनी जाताना घरच्यांसाठी चार रोडगे आणि भाजी बांधून घ्यायला सांगितलं. परीक्षकांचाही डबा भरला गेला. बायांनी डबे गाडीत नेऊन ठेवले, पाहुण्यांनी हात जोडले, आणि गाडी तुरीच्या धुऱ्याने, बांधाच्या कडेने, धूळ उडवत गेली.

याडी आर विझवायला बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"झालं का मंग?" तिनं विचारलं.

"नाही. परत लिहा म्हणाले."

"म्हंजे तू डाक्टर नाही झाली?"

"नाही झाली, याडी."

ती रिकाम्या पत्रावळ्यांच्या रांगेकडे पाहत राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

"मंग हे जेवले कायले?"